किलोवर अणुयुद्ध

पुण्यात अधूनमधून कुठल्यातरी मंगल कार्यालयात जुनी इंग्रजी पुस्तकं किलोच्या भावाने विकायला मांडतात, तिथे परवा भर दुपारी गेले होते. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून कुकबुकांचे ढीग लावलेले आणि त्यांच्या पाठीमागे सोविएत क्षेपणास्त्रांवरचं एक जाडजूड पुस्तक, उलटं. काट्यावर ठेवलं तर किलोला थोडं कमी भरलं. पानापानांत मेगाटनांच्या गप्पा आणि वजन भाजीएवढं, मग त्या मुलाने वरून एक फाटकी थ्रिलर टाकली, "ताई, राऊंड फिगर करून टाकू." करून टाकलं.

मला अणुयुद्धाच्या डावपेचांवरची पुस्तकं लागतात, आणि तीही जुनीच. नवी नकोत. नव्यातली भीती आपल्याला स्वतःला भ्यावी लागते, जुन्यातली कुणीतरी आधीच भिऊन घेतलेली असते, त्यामुळे ती रात्री पडल्या पडल्या वाचता येतात. नवऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो निदान कपाटात पाठमोरी तरी लाव, पाहुणे बघतात. आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जे थोडे विक्रेते उरलेत त्यांचा ठरलेला प्रश्न, "साहेबांसाठी का?" हो म्हटलं की भाव वाढतो, नाही म्हटलं की चौकशा वाढतात.

हे खूळ आलं कुठून म्हणाल तर मला वाटतं शाळेची घारापुरीची सहल. लाँचमध्ये डबे उघडून झाले होते, निम्म्या मुली उलट्या करत होत्या, आणि बाईंनी तुर्भ्याच्या किनाऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं की तो घुमट दिसतोय ना, ती आपली अणुभट्टी. लेण्यांमधलं मला आज काही आठवत नाही (त्रिमूर्ती आठवते ती फोटोंमुळे), घुमट मात्र लख्ख आठवतो. बाँब त्याच्याखाली झाकून ठेवलाय आणि लढाई लागली की घुमट उघडणार अशी माझी पक्की समजूत झाली होती, आणि घरी जाऊन मी ती धाकट्या भावालाही पुरवली. पुढे कितीतरी वर्षांनी एका जुन्या पुस्तकात वाचलं की ती सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने झालेली, जड पाणी अमेरिकेचं, सगळं शांततेच्या कामासाठी म्हणून, आणि १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्याचं प्लुटोनियम तिथलंच. म्हणजे मी अगदीच काही चुकले नव्हते. भावाला फोन करून सांगितलं तर त्याला सहलच आठवेना, त्याला कशाला आठवेल म्हणा, तो आला नव्हता.

असल्या पुस्तकांना पुण्यासारखं गाव नाही. कॅम्प, वानवडी, सॅलिसबरी पार्क, सगळीकडे रिटायर्ड ब्रिगेडियर, मुलं अमेरिकेत, आणि मग एक दिवस फ्लॅट रिकामा होतो नि रद्दीवाल्याचा टेंपो भरतो. या मंडळींची पुस्तकं चटकन ओळखू येतात, कव्हर घातलेलं, पहिल्या पानावर नाव, हुद्दा, तारीख, गाव, आणि समासात लाल पेन्सिल. ‘रबिश’ हा लाडका शब्द. महूच्या लष्करी कॉलेजात असताना जनरल सुंदरजींनी (पुढे लष्करप्रमुख झाले ते) १९८१ मध्ये अण्वस्त्रांबद्दल अधिकाऱ्यांची मतं चक्क पोस्टाने मागवून परिसंवाद घडवला होता. पत्राने बाँबची चर्चा! समासातले हे सगळे रबिशवाले बघितले की वाटतं, पोस्टमनला काम पुरलं असणार.

माझी आवडती जोडी म्हणजे पेंटॅगॉनने १९८१ मध्ये काढलेलं ‘सोविएत मिलिटरी पॉवर’ आणि त्याला उत्तर म्हणून मॉस्कोने लगेच पुढच्या वर्षी काढलेलं पुस्तक. दोन्ही गुळगुळीत कागदावर, दोन्हीत चित्रं, दोघांचं म्हणणं एकच, की आम्ही गरीब हो, सगळं ती करते. शेल्फात मी त्यांना जावाजावांसारखं शेजारी ठेवलंय.

अणुयुद्धाच्या डावपेचांवर लिहिणारा अमेरिकन अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग तर आणखीनच मजेचा माणूस, पुढे २००५ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याला. न्यूयॉर्कमध्ये दोघांना भेटायचंय पण जागा-वेळ काहीच ठरलेलं नाही आणि एकमेकांशी बोलताही येत नाही तर कुठे जाल, असं त्याने लोकांना विचारलं होतं आणि बहुतेकांनी ग्रँड सेंट्रल स्टेशन, दुपारी १२ असं सांगितलं. न बोलताही माणसांचं असं जुळतं, यावरून तो अण्वस्त्रवाल्या देशांपर्यंत जातो. पुण्यात विचारलं असतं तर आधी "भेटायचंय कशाला?" असं ऐकावं लागलं असतं आणि सिद्धांत तिथेच आटोपला असता.

ग्लासस्टोनचं अण्वस्त्रांच्या परिणामांवरचं पुस्तक दिसलं की मी आधी मागचं कव्हर उघडते. तिथल्या खिशात एक प्लास्टिकची गोल चकती असायची, स्फोट केवढा आणि किती लांब ते जुळवलं की काय काय होईल ते दाखवणारी. खिसा बहुतेक रिकामाच असतो. कोण नेतं ती चकती आणि करतं काय तिचं?

हर्मन कान या अमेरिकन अणुयुद्ध-तज्ज्ञाचं १९६० चं ‘ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर’ मला बरंच उशिरा मिळालं, जीर्ण, कुठल्यातरी बंद पडलेल्या लायब्ररीचा शिक्का, आणि मालकाचं नाव ब्लेडने कापून काढलेलं. त्यात एक प्रसिद्ध तक्ता आहे. डाव्या बाजूला मेलेली माणसं, २० लाखांपासून १६ कोटींपर्यंत, उजव्या बाजूला अर्थव्यवस्था सावरायला लागणारी वर्षं, १ पासून १०० पर्यंत. तक्त्याच्या डोक्यावर म्हटलंय की या सगळ्या अवस्था दुःखद, पण एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येण्याजोग्या. मी हसायच्याच तयारीने वाचत होते. तर २ कोटी मेले, सावरायला १० वर्षं, या ओळीसमोर कुणीतरी पेन्सिलीने बारीकशी टिक केलेली. बाकी कुठेच काही नाही. हिशेब तपासताना करतात तशी टिक, की हे चालेल म्हणून केलेली?

खोडरबर घेऊन बसले होते. मग राहू दिली. माझी पुस्तकंही एक दिवस टेंपोत जाणारच आहेत, पुढच्या गिऱ्हाइकानेही ती ओळ बघावी.