"तुझा भाग कोणता?" इथे कुणी विचारतच नाही

सेमिस्टरची परीक्षा झाली एकदाची. मी मेकॅनिकलवाली, आणि एक्स्टर्नलने मला विचारलं काय, तर "म्हाताऱ्या भाडेकरू बाई एकच रेडिएटर का चालू ठेवतात?" (रेडिएटर म्हणजे आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारं यंत्र.) ते प्रकरण लिहिलं होतं ग्रुपमधल्या समाजशास्त्राच्या मुलाने. त्याला विचारलं, "परतीचं पाणी गरम आलं तर बिघडतं काय?" तो घामाघूम.

डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला हे असंच चालतं. 1974 साली विद्यापीठ निघालं तेव्हापासून भर प्रोजेक्टवर; सेमिस्टरचे साधारण निम्मे क्रेडिट त्याचेच. इथल्या सिमेंट कारखान्याची वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या पाइपांतून घराघरांत जाते, त्यावर आमचं काम होतं. एका इमारतीतून पाणी पुरेसं थंड होऊन परतत नव्हतं. मी व्हॉल्व्ह आणि पाइपच्या मापांत डोकं घालून बसले. हा पठ्ठ्या दारोदार जाऊन गप्पा मारत होता. मला वाटलं, टाइमपास. तर निघालं असं की लोक बिल वाचवायला एकच रेडिएटर पूर्ण उघडतात आणि बाकीचे बंद ठेवतात. मग पाणी त्यातून धावत सुटतं, उष्णता सोडायला वेळच नाही, आणि तसंच गरम परत जातं. सगळे रेडिएटर थोडेथोडे उघडले की पाणी नीट निवतं. आणि पाणी जितकं थंड परत येईल तितकी कारखान्यातली जास्त उष्णता ते उचलतं.

आपल्याकडे काय झालं असतं? ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालात, त्याचं प्रकरण तीन, माझं प्रकरण चार. व्हायवात "तुझा भाग कोणता?" आणि तेवढंच पाठ. इथे सगळे एकत्र बसतात, कुणालाही काहीही विचारतात, मार्क मात्र ज्याचे त्याला. त्यामुळे दुसऱ्याचा विषय झक मारत समजून घ्यावा लागतो. 2006 मध्ये इथल्या सरकारने या सामूहिक परीक्षेवर बंदी आणली होती. काही वर्षांनी सरकार बदललं, मग ती परत आली.

वैताग आहेच. फॉन्ट कुठला यावरसुद्धा सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. गाइड उत्तर देत नाहीत, उलट आणखी एक प्रश्न टाकून निघून जातात.

आणि आपण अगदीच मागे आहोत असंही कुणी समजू नये. पर्यावरण सगळ्याच शाखांना सक्तीने शिकवा, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितलंय. (पर्यावरणाच्या त्या जर्नलचं, म्हणजे वहीचं, आपण काय केलं ते सोडा.) 2014 मध्ये आयआयटी मुंबईचे इंजिनिअर आणि रचना संसद कॉलेजचे आर्किटेक्ट मिळून सौरघर बांधायला फ्रान्समध्ये व्हर्सायला स्पर्धेत गेले होतेच की. साठ-सत्तर जणांच्या वर्गात एका दिवसात व्हायवा उरकायच्या असतील, तर "तुझा भाग कोणता?" याशिवाय मास्तर तरी दुसरं काय विचारणार?

पुढच्या सेमिस्टरला अर्थशास्त्राची एक मुलगी आमच्यात येतेय. तिला व्हॉल्व्ह शिकवायचं काम माझ्याकडे आलंय.