दावा कुठला आणि पुरावा कुठला

कुठलाही वैचारिक लेख हातात घेतला की मी आधी एकच गोष्ट शोधते, या माणसाला माझ्याकडून नेमकं काय कबूल करून घ्यायचंय? विषय तर हेडिंगमध्येच कळतो. 'मोबाईल आणि मुलांची झोप' हा विषय झाला, 'रात्री मोबाईल बघितल्याने मुलांची झोप कमी होते' हा दावा झाला, आणि या दोन्हीत गल्लत झाली की पुढचं सगळं वाचन भरकटतं. ज्यावर एखादा शहाणा माणूस 'मला नाही पटत बुवा' म्हणू शकतो तेच वाक्य दावा असू शकतं. बरेचदा ते पहिल्या पॅरात नसतंच, लेखक आधी इतरांचं म्हणणं मांडतो, मग 'पण' किंवा 'मात्र' येतो आणि बहुतेक वेळा त्याच्याच मागोमाग त्याचं स्वतःचं म्हणणं येतं. कधी कधी तर ते कुठेच सरळ लिहिलेलं नसतं, आपल्यालाच एका वाक्यात लिहून काढावं लागतं. ते एक वाक्य लिहिता येत नसेल तर मी पुढे न जाता लेख परत वाचते.

पुरावा ओळखणं मात्र खरंच अवघड आहे. आकडा दिसला की आपण लगेच खूण करतो, पण आकडा कशाचा पुरावा आहे हे बघतच नाही. मला हे सगळ्यात नीट कळलं ते जॉन स्नो या डॉक्टरच्या लिखाणावरून. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ आली, 600 च्या वर माणसं गेली. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, आणि स्नोचा दावा होता की तो पाण्यातून पसरतो, इथे तर ब्रॉड स्ट्रीट या तिथल्या रस्त्यावरच्या सार्वजनिक हातपंपाच्या पाण्यातून. त्याने मृत्यू कुठे कुठे झाले त्याचा नकाशा काढला आणि ते पंपाच्या आजूबाजूला जास्त दिसले. झाला की पुरावा, असं वाटतं ना? पण हवेवाला माणूस म्हणेल, त्याच भागातली हवा खराब होती म्हणून तिथेच माणसं मेली! म्हणजे हा नकाशा एकटा दोन्ही दाव्यांना चालतो.

म्हणून मी प्रत्येक पुराव्याला एक प्रश्न विचारते, दावा खोटा असता तरी हे असंच दिसलं असतं का? या प्रश्नाने स्नोचं बाकीचं लिखाण वाचलं की मजा येते. पंपाजवळच गरिबांसाठीचं एक वर्कहाऊस होतं, 535 माणसं राहत होती आणि त्यातली फक्त 5 कॉलराने गेली, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार बिअर प्यायचे, पंपाकडे फारसे फिरकायचेच नाहीत, ते वाचले. आणि उलट बाजूने, लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई, तिला या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवायची, ती गेली, ते पाणी प्यायलेली तिची भाचीसुद्धा गेली, आणि त्या दोघी राहायच्या तिथे तेव्हा कॉलरा नव्हता. हवा तीच आणि माणसं जिवंत, हवा वेगळी आणि माणसं मेली. एकट्या नकाशापेक्षा मला ही एक बाई जास्त वजनदार वाटते.

आता एक असतं ते लेखक बरेचदा लिहीतच नाही, पुराव्यापासून दाव्यापर्यंतचा पूल. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क कसा करायचा ते सांगणाऱ्या जुन्या शास्त्रात, डोंगरावर आग आहे कारण तिथे धूर दिसतोय हे ठरलेलं उदाहरण आहे, आणि तिथे 'जिथे जिथे धूर तिथे तिथे आग' हेसुद्धा वेगळं सांगावं लागतं. रोजच्या लेखांत हा पूल गायब असतो आणि गडबड बहुतेक तिथेच असते, 'हे औषध हजारो वर्षं वापरात आहे म्हणून ते सुरक्षित आहे' यात धूर खरा असेलही, पण जुनं ते सगळं सुरक्षित हे कोणी सिद्ध केलं?

आणि लेखकाने दावा किती मोठा केलाय तेही बघा. 'सगळे', 'नेहमी' हे शब्द आले की पुरावाही तेवढाच मोठा लागतो. स्नोची गोष्ट सांगताना लोक हमखास म्हणतात की पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. दांडा 8 सप्टेंबरला काढला हे खरंय, पण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती आणि दांडा काढल्यामुळे ती थांबली असं ठामपणे म्हणता येणार नाही, हे स्वतः स्नोनेच लिहून ठेवलंय. आपल्याच बाजूची इतकी भारी गोष्ट त्याने पुरावा म्हणून वापरली नाही, म्हणून त्याने वापरलेल्या बाकीच्या गोष्टींवर माझा जास्त विश्वास बसतो.