बोस्टनच्या वेतनवहीची नोंद : डिसेंबर 2025

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील बोस्टन सेल्टिक्स संघाच्या पगारांची जी वही मी हौसेने ठेवतो, तिच्यात या महिन्यात एका नव्या रकान्याची भर पडली आहे. आजवर तिच्यात खेळाडूचे नाव, चालू हंगामाचा पगार, कराराची उरलेली वर्षे आणि शेवटच्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती आहे की खेळाडूच्या, एवढेच नोंदवले जात असे. आता शेवटी ‘मोकळीक’ नावाचा रकाना आहे. एखादा करार वहीत असल्यामुळे संघाला कोणता व्यवहार करता येतो आणि कोणता अडतो, हे त्यात लिहायचे. 2024 चा विजेता संघ मोडणे हा मालकाचा कंजूषपणा की नियमांची सक्ती, हा जो वाद जूनपासून आमच्या गटात चालू आहे, तो डॉलरच्या आकड्यांवर कितीही घातला तरी सुटत नाही, कारण त्याचे उत्तर या रकान्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

प्रथम या हंगामाच्या रेषा. 2025-26 साठी एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, 15.46 कोटी डॉलर आहे, जिच्यावर गेल्यास दंडात्मक कर बसतो ती लक्झरी टॅक्सची रेषा 18.79 कोटींवर, आणि तिच्याही वर व्यवहारांवर बंधने आणणाऱ्या दोन रेषा, म्हणजे पहिले एप्रन 19.59 कोटींवर आणि दुसरे एप्रन 20.78 कोटींवर. आयपीएलच्या लिलावात ठरलेली पर्स रिकामी झाली की संघमालकाला हात वर करता येत नाही. एनबीएची कॅप तशी नाही, ती ओलांडता येते आणि बहुतेक संघ ती ओलांडतातच. 1984-85 मध्ये कॅप लागू झाली तेव्हा ती अवघी 36 लाख डॉलर होती, आणि आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना ती ओलांडण्याची मुभा तेव्हापासूनच देण्यात आली. ही सवलत बोस्टनच्याच लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते. पुढे अनेक वर्षे श्रीमंत मालकाला कर भरून हवे तितके खेळाडू जमवता येत असत. 2023 च्या कामगार करारातील दुसऱ्या एप्रनने ही वाट अडवली.

दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीत, रोख रक्कम देता येत नाही आणि करदात्या संघांसाठी असलेला मिड-लेव्हल (मध्यम पगाराचा) करारही वापरता येत नाही. हंगाम संपताना संघ या रेषेच्या वर असेल, तर सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, त्याची पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते, म्हणजे ती ट्रेडमध्ये देता येत नाही. पुढील चार हंगामांपैकी दोन हंगामांत तो पुन्हा वर राहिला, तर ती निवड त्या फेरीच्या अगदी शेवटी ढकलली जाते. 2024-25 संपताना बोस्टन वर होते, म्हणून 2032 ची निवड आज माझ्या वहीत गोठलेली म्हणून नोंदलेली आहे. ही नोंद ज्यांना क्षुल्लक वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे दोघेही ड्राफ्टमधील तिसऱ्या क्रमांकाच्या निवडीतून आले होते.

आता मूळ वाद. गेल्या उन्हाळ्यात बोस्टनने ड्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला दिले, ल्यूक कॉर्नेट आणि अल हॉरफर्ड करार संपल्यावर निघून गेले, आणि 2024 चा विजेता संघ वर्षभरात मोडला. आमच्या गटातील ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, यांचे म्हणणे असे की संघ 6.1 अब्ज डॉलरला विकला गेला, तर मग नव्या मालकाला दोन-तीन वर्षे तोटा सोसणे अशक्य नव्हते. हा सरळ कंजूषपणा आहे. त्यांच्या म्हणण्यात भावनेचा जोर आहे आणि तो मला परका नाही. हॉलिडेचा बचाव ज्यांनी मन लावून पाहिला आहे, त्यांना तो दुसऱ्या गणवेशात पाहणे जड जाते.

तरीही वही काय सांगते ते पाहू. जूनमध्ये बोस्टन दुसऱ्या एप्रनच्या सुमारे 2 कोटी डॉलर वर जाण्याच्या मार्गावर होते, आणि पगार व कर मिळून खर्च 50 कोटींच्या घरात जाईल असे अंदाज अमेरिकेतील वार्ताहर मांडत होते. टेटमचा या हंगामाचा पगार 5.41 कोटी आणि ब्राउनचा 5.31 कोटी; म्हणजे दोघे मिळून कॅपचा जवळपास सत्तर टक्के भाग व्यापतात. मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात टेटमची अकिलीस शीर तुटली, तेव्हा या दोघांभोवती उभारलेल्या महागड्या फळीचे हे वर्ष विजेतेपदाचे राहिले नाही. हॉलिडेच्या 3.24 कोटींच्या जागी, त्याच्या बदल्यात पोर्टलंडकडून आलेल्या अँफर्नी सायमन्सचे 2.77 कोटी आले, म्हणजे वर्षाची बचत फार मोठी नाही; परंतु हॉलिडेचा करार 2027-28 पर्यंत जातो आणि सायमन्सचा याच हंगामात संपतो. पोर्झिंगिसच्या 3.07 कोटींच्या बदल्यात आधी जॉर्ज नियांग आला आणि नंतर त्यालाही युटाला पाठवून ती रक्कम पूर्णपणे वहीबाहेर काढण्यात आली. पहिल्या व्यवहारात वर्षे कमी झाली आणि दुसऱ्यात डॉलर. काका या दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात करतात, आणि आमचा मतभेद नेमका तिथेच आहे.

आज बोस्टन करमर्यादेच्या सुमारे 1.2 कोटी वर, पहिल्या एप्रनच्याही थोडे वर आणि दुसऱ्याच्या खाली आहे. कराचा हिशेब टप्प्यांनी होतो आणि या हंगामात एक टप्पा 56.85 लाखांचा आहे. सामान्य संघाला पहिल्या टप्प्यात प्रत्येक डॉलरमागे 1 डॉलर, दुसऱ्यात 1.25 आणि तिसऱ्यात 3.50 डॉलर कर बसतो. मागील चारपैकी तीन हंगामांत कर भरलेल्या संघाला हेच दर 3, 3.25 आणि 5.50 असे लागतात. 1.2 कोटींच्या अतिरिक्त खर्चावर पहिल्या प्रकारच्या संघाला सुमारे 1.5 कोटी भरावे लागतील, तर बोस्टनला, जो सलग तीन वर्षे कर भरून आला आहे, सुमारे 3.9 कोटी. हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला आहे, कारण पुढचा सगळा वाद याच्यावर उभा आहे.

कर ठरतो तो नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारांवरून. त्यामुळे 5 फेब्रुवारीच्या ट्रेड मुदतीपूर्वी रेषेखाली उतरणे शक्य आहे, आणि 15 डिसेंबरपासून उन्हाळ्यात करारबद्ध झालेले बहुतेक खेळाडूही ट्रेडसाठी मोकळे झाल्याने बाजार खऱ्या अर्थाने उघडला आहे. गटात दोन प्रस्ताव आहेत. एक म्हणजे सॅम हाउझरला देऊन टाकावे. पण त्याचा पगार सुमारे 1 कोटी आहे, आणि तो एकटा गेला तरी संघ रेषेच्या वरच राहतो, शिवाय रिकाम्या जागी कोणीतरी घ्यावा लागतोच. दुसरा प्रस्ताव सायमन्सच्या बदल्यात त्याहून बराच लहान पगाराचा खेळाडू घेण्याचा आहे, आणि एकाच व्यवहारात काम भागवणारा तोच आहे.

मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर: उतरायचे तर दोन वर्षे उतरावे. फक्त 2025-26 मध्ये कर टाळला, तर 2026-27 साठी मागील चार हंगामांत 2022-23, 2023-24 आणि 2024-25 ही तीन कराची वर्षे उरतात, म्हणजे वाढीव दर कायम राहतो. 2026-27 मध्ये पुन्हा कर भरला, तर 2027-28 मध्येही तीच गत होते. सलग दोन हंगाम रेषेखाली काढले, तरच 2027-28 मध्ये मागील चारपैकी दोनच कराची वर्षे राहतात आणि संघ सामान्य दरात परत येतो. टेटम तेव्हा पूर्ण जोमात असेल अशी आशा बाळगायला हरकत नाही, आणि खर्च करायचाच तर तो त्या वर्षी करावा. एका वर्षाची अर्धी बचत पाहून जे समाधान मानतात, त्यांनी हा चार वर्षांचा पट एकदा कागदावर मांडून पाहावा.

‘मोकळीक’ या रकान्याची खरी किंमत इतर संघांच्या व्यवहारांत अधिक स्पष्ट दिसते, म्हणून नमुन्यादाखल दोन पाने मी वहीत जोडली आहेत. पहिले पान ऑक्टोबर 2024 चे आहे, जेव्हा मिनेसोटाने कार्ल-अँथनी टाउन्सला न्यूयॉर्कला देऊन ज्युलियस रँडल आणि डाँटे डिव्हिन्चेन्झो यांना घेतले. मिनेसोटा दुसऱ्या एप्रनच्या वर असल्यामुळे त्यांना पाठवलेल्या पगारापेक्षा अधिक परत घेता येत नव्हते, आणि न्यूयॉर्कलाही टाउन्सएवढा पगार बाहेर पाठवणे भाग होते. रँडल, डिव्हिन्चेन्झो आणि किटा बेट्स-डियॉप यांची बेरीज कमी पडली, तेव्हा न्यूयॉर्कने डाक्वान जेफ्रीज, चार्ली ब्राउन ज्युनियर आणि ड्वेन वॉशिंग्टन ज्युनियर या तिघांना करार देऊन त्याच व्यवहारात शार्लटला पाठवले. तफावत भरून काढण्यापुरते हे तीन करार लिहिले गेले. बास्केटबॉलच्या दृष्टीने हा टाउन्स आणि रँडलचा ट्रेड आहे, पण तो घडला तो तिसऱ्या संघाच्या वहीतील रिकाम्या जागेमुळे.

दुसरे पान फीनिक्सचे, आणि ते वाचताना मला आजही वाईट वाटते. ब्रॅडली बीलच्या करारात ट्रेडला नकार देण्याचा अधिकार होता, संघ दुसऱ्या एप्रनच्या वर होता, आणि 2024-25 मध्ये केव्हिन ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि बील असूनही त्यांनी 36 विजय व 46 पराभव नोंदवून प्लेऑफ (बाद फेरी) गमावले. जुलै 2025 मध्ये बीलला मुक्त करताना त्याची दोन वर्षांची उरलेली रक्कम नियमाप्रमाणे पाच वर्षांवर पसरवायची होती. परंतु अशा पसरवलेल्या रकमांची एका हंगामातील बेरीज कॅपच्या 15 टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे 2.32 कोटींपेक्षा, जास्त चालत नाही. नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल यांच्या आधीच पसरवलेल्या रकमा सुमारे 38 लाख होत्या. उरले सुमारे 1.94 कोटी, आणि पाच वर्षांचे मिळून 9.69 कोटी. बीलचे येणे 11.08 कोटी होते, म्हणून त्याला सुमारे 1.39 कोटी सोडून द्यावे लागले. त्याने रक्कम सोडली त्यात उदारपणा किती आणि क्लिपर्सकडे जाण्याची इच्छा किती, यावर चर्चा होऊ शकते. आकडा मात्र कोणाच्या मनाने ठरलेला नव्हता, तो या वजाबाकीतून आला. 2029-30 पर्यंत फीनिक्सच्या वहीत, संघात नसलेल्या खेळाडूसाठी, दरवर्षी ही ओळ राहणार आहे.

या नियमांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी काकांइतक्याच तळमळीने मांडतो. बाहेरून तारे विकत घेणारा संघ आणि स्वतः निवडून, घडवून मोठे केलेले खेळाडू टिकवू पाहणारा संघ यांना दुसरे एप्रन एकाच मापाने मोजते. ब्राउन, टेटम आणि पेटन प्रिचर्ड हे बोस्टनने ड्राफ्टच्या रात्री मिळवलेले खेळाडू आहेत. ओक्लाहोमा सिटीपुढे हाच प्रश्न लवकरच उभा राहील: जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन यांचे मोठे करार 2026-27 पासून आणि शाय गिल्जस-अलेक्झांडरचा 2027-28 पासून लागू होतो, तर आयझाया हार्टेनस्टाइन आणि लू डॉर्ट यांच्या करारांच्या पुढील वर्षाचा निर्णय संघाच्या हाती आहे. स्वतः निवडलेल्या खेळाडूंच्या पगाराचा काही भाग एप्रनच्या हिशेबातून वगळावा, असे माझे मत आहे. 2016 मध्ये कॅप 7 कोटींवरून एकदम 9.41 कोटींवर गेली आणि ड्युरँटला गोल्डन स्टेटमध्ये जागा झाली, तो असमतोल रोखण्यासाठी वार्षिक वाढीवर दहा टक्क्यांची मर्यादा आली, ती योग्यच आहे; पण त्या एका उन्हाळ्याची शिक्षा चांगली निवड करणाऱ्यांना कशासाठी?

रोस्टरच्या, म्हणजे संघाच्या खेळाडूयादीच्या, शेवटच्या जागांबद्दल थोडक्यात. पंधरा नियमित जागांपैकी चौदा भरलेल्या ठेवणे पुरेसे असते, म्हणून रेषेजवळचे संघ पंधरावी रिकामी ठेवतात. किमान वेतनावर एका वर्षासाठी आलेल्या अनुभवी खेळाडूचा हिशेब दोन वर्षे अनुभवाच्या दराने, म्हणजे 22.96 लाखांनी, धरला जातो आणि वरची रक्कम लीग भरते. त्यामुळे सुमारे 33 लाख मिळवणारा ख्रिस बुशे वहीत 22.96 लाखांचाच दिसतो. उलट ड्राफ्टमध्ये न निवडलेला नवखा खेळाडू प्रत्यक्षात कमी पगारावर असला, तरी करासाठी त्यालाही याच दराने मोजतात. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला मात्र त्याच्या खऱ्या पगारानेच मोजले जाते, आणि रेषेजवळच्या संघांना दुसऱ्या फेरीतील निवडी का हव्या असतात, याचे एक कारण हेच आहे.

पुढील नोंद 10 जानेवारीनंतर करीन, कारण त्या दिवशी हमी नसलेले करार संपूर्ण हंगामासाठी पक्के होतात आणि ज्याला सोडायचे त्याला 7 तारखेपर्यंत सोडावे लागते. ज्यांनी दुसऱ्या संघांच्या वह्या ठेवल्या आहेत, त्यांनी तोवर आपल्या संघाचे पहिल्या एप्रनपासूनचे अंतर आणि मागील चार हंगामांतील कराची वर्षे या दोन गोष्टी भरून ठेवाव्यात. सायमन्ससाठी कोणता संघ खरोखर व्यवहार करू शकतो, हे त्या दोन आकड्यांशिवाय ठरवता येणार नाही.