भंडारदरा पावसाळी फोटो ट्रिप: कुठल्या पाण्याला किती स्टॉपचा एनडी

ऑगस्टच्या शेवटी शेवटी भंडारदऱ्याला जाऊन आलो, खास वाहत्या पाण्याचे लाँग एक्स्पोजर (शटर जास्त वेळ उघडं ठेवून घेतलेले फोटो) काढायला. एनडी (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळी काच) घ्यायचाय पण कुठला घेऊ हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, आणि दुकानात गेलं की सरसकट टेन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गळ्यात मारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच सांगून टाकतो, पावसाळी धबधब्यांना टेन स्टॉप जवळपास बिनकामाचा आहे. थ्री स्टॉप आणि सीपीएल (चकाकी मारणारा पोलरायझर फिल्टर) एवढ्या जोडीवर बहुतेक काम निघतं.

कधी जायचं ते आधी. जुलैत पाणी तुफान असतं पण गढूळ, त्याचा लाँग एक्स्पोजर घेतला की कड्यावरून कुणीतरी चहा ओतलाय असं दिसतं, शिवाय धुकं एवढं की समोरचा डोंगरच गायब. ऑगस्ट संपता संपता पाणी निवळतं, भातखाचरं हिरवीगार असतात, सप्टेंबरात सोनकी फुलते. मुंबईकडून कसारा घाट चढून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव), घोटीपासून साधारण पस्तीसेक किलोमीटर. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. पेट्रोल घोटीत किंवा अकोल्यातच भरून घ्या, पुढे तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर भरवसा नाही, मोबाईलची रेंज पण ये-जा करते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करा. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, ट्रायपॉड लावायला जागा सोडा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

आता हिशोब. फिल्टरवर एनडी ८ किंवा ०.९ लिहिलेलं असेल तर तो तीन स्टॉपचा, म्हणजे शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) आठपट लांबतं. एनडी ६४ किंवा १.८ म्हणजे सहा स्टॉप, चौसष्टपट. एनडी १००० किंवा ३.० म्हणजे दहा स्टॉप, हजारपट. लोक काय करतात, हातात असेल तो फिल्टर चढवतात आणि मग जे शटर येईल ते घेतात. उलटं करा. समोरचं पाणी किती वेगात पडतंय ते बघा, त्याला किती सेकंद पाहिजेत ते ठरवा, आणि मग तेवढं शटर मिळेल असा फिल्टर काढा. धो धो पडणाऱ्या पाण्याला पाव ते अर्धा सेकंद पुष्कळ होतो. त्याच्यावर गेलात की धारा, तुटलेलं पाणी, खडकावर आपटून उडणारं सगळं पुसलं जातं आणि मधोमध नुसता पांढरा पट्टा उरतो. बारीक झिरपणाऱ्या धारेला दोन-चार सेकंद द्या, तिला तेवढे लागतातच.

रंधा फॉलला हे नीट कळतं. प्रवरा तिथे जवळपास १७० फूट खाली झेपावते, शेंडीपासून दहाएक किलोमीटर, शेजारी घोरपडादेवीचं देऊळ. दुपारचे बारा वाजलेले, पण ढग एवढे की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ला कॅमेऱ्याचा मीटर १/६० सेकंद दाखवत होता. थ्री स्टॉप आणि सीपीएल दोन्ही लावल्यावर साधारण १/३ सेकंद आलं आणि पाण्याचा पोत झकास टिकला. सोबतच्या मित्राने सिक्स स्टॉपवर सीपीएल चढवून अडीच सेकंद घेतले, त्याच्या फोटोत धबधबा आहे की चादर वाळत घातलीय ते विचारावं लागतं (त्याला तोच आवडला, तो भाग वेगळा). सीपीएल काढू नका, ओल्या खडकावरची आणि पानांवरची चकाकी तोच मारतो आणि हिरवा रंग खरा दिसतो, वर सव्वा-दीड स्टॉप फुकटात मिळतो.

रंध्याला खरा त्रास तुषारांचा. वारा तुमच्याकडे फिरला की पाच सेकंदात फिल्टर भरतो, आणि एकेक थेंब फोटोत धुरकट डाग होऊन बसतो, जो नंतर घासून घासूनही जात नाही. आमचा जुगाड असा, कॅमेऱ्यावर हॉटेलातली शॉवर कॅप, फिल्टरवर मायक्रोफायबर धरून ठेवायचा, दोन सेकंदाचा टायमर दाबायचा आणि शटर उघडायच्या अगदी आधी कपडा ओढून घ्यायचा. दुसऱ्याने छत्री धरायची, पण लेन्सच्या समोर नाही, वाऱ्याच्या बाजूला. कपडे चार-पाच ठेवा, एक ओला झाला की तो कामातून गेला. आणि ट्रायपॉड लोक चालतात त्या गॅलरीवर नको, शेजारून कुणी पळत गेलं तरी हादरा बसतो, जमिनीवर किंवा खडकावर लावा. रेलिंगच्या पलीकडे मात्र कोणत्याही फोटोसाठी जायचं नाही, शेवाळावरून पाय सटकला तर खाली काही नाही.

रतनवाडीच्या बाजूला झाडीत शिरणारे छोटे ओढे आहेत, तिथे तर एनडीची पिशवी उघडायची पण गरज पडली नाही. झाडांखाली एफ ११ ला १/४ मिळत होतं, नुसत्या सीपीएलने पाऊण सेकंदाच्या आसपास गेलं. मोठा फोटो छापायचा असेल तर एफ १६ च्या पुढे जाऊन शटर लांबवू नका, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. रतनवाडीला गेलात तर अमृतेश्वराचं देऊळ बघाच, भिजलेला काळा दगड आणि त्यावरचं कोरीवकाम ढगाळ उजेडात जे उठून दिसतं ते उन्हात दिसत नाही.

पांजरे गावाजवळ रस्त्याकडेला खाचरांतून पायऱ्या पायऱ्यांनी पाणी उतरतं, तिथे सिक्स स्टॉप लावून बसलो होतो. एक बाबा घोंगडी पांघरून म्हशी घेऊन आले, थांबले, म्हणाले, "काळी काच कशाला लावता वो, आधीच अंधारलंय." म्हटलं, "पाणी दुधासारखं दिसतं बाबा, दोन सेकंद हलू नका, तुमचा पण काढतो." ते जे काठीवर हनुवटी टेकवून उभे राहिले ते मी "झालं" म्हणेपर्यंत पापणी लवली नाही. मागचं पाणी वाहतंय आणि बाबा एकदम शार्प. म्हशी मात्र सगळ्या धूसर.

टेन स्टॉप शेवटी निघाला तो तलावावर. आर्थर लेकच्या (भंडारदरा धरणाचा जलाशय) काठी संध्याकाळी एफ ११ ला १/१५ मीटर होतं, दहा स्टॉपने ते मिनिटाच्या थोडं पुढे जातं, म्हणजे बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट हवाच. पाण्यावरच्या लाटा सपाट होतात आणि ढग ओढल्यासारखे येतात. फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्याआधी करून मॅन्युअलवर टाकायचं, कारण नंतर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून काही म्हणजे काही दिसत नाही. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरवर झाकण पण लावा, मागून उजेड शिरतो. बऱ्याच टेन स्टॉपना रंगाची झाक असते, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढलं की व्हाइट बॅलन्स नंतर जागेवर आणता येतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवायची कॅमेऱ्यातली सोय) चालू असेल तर एका मिनिटाच्या फोटोला अजून एक मिनिट कॅमेरा अडकून बसतो, उजेड पळत असेल तर बंद ठेवा.

व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त काळा करता येणारा) एकच घेऊन सगळं भागवू असं वाटत असेल तर वाइड अँगलवर जपून, फिरवत नेला की आकाशात काळी फुली उमटते. त्यापेक्षा तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचे दोन साधे फिल्टर घ्या आणि बाकी लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी). फिल्टर गच्च आवळू नका, अडकलाच तर कडेला रबर बँड गुंडाळून फिरवा, सुटतो. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवावे लागले तर खाली दाबून रोवा, मधली दांडी वर काढू नका, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. आणि पाण्याचा पांढरा भाग जळतोय का ते हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, मी अर्धा-पाऊण स्टॉप कमीच ठेवतो.

अंब्रेला फॉलबद्दल सगळे विचारतात. तो विल्सन डॅमच्या, म्हणजे भंडारदरा धरणाच्या, पायथ्याशी आहे (धरण १९२६ सालचं), पण धरणातून पाणी सोडलं असेल तरच दिसतो, त्यामुळे शेंडीत चौकशी करून मगच जा. पाणी सोडतात त्या काळात नदीपात्रात उतरून ट्रायपॉड लावायचा विचार पण करू नका, पातळी बघता बघता वाढते. परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं, सुटे पैसे ठेवा. गर्दीच्या दिवसांत काही स्पॉट बंद करतात, तसा आदेश आहे का ते घरून निघण्याआधी एकदा फोन करून खात्री करून घ्या. जेवण गावात घरगुती मिळतं, पण आधी सांगावं लागतं, संध्याकाळी सात वाजता जाऊन भाकरी मागितलीत तर चूल पेटवण्यापासून सुरुवात होते. आणि रात्री रूमवर आल्या आल्या फिल्टर लेन्सवरून काढून दोन्ही वेगवेगळे पुसून, सिलिका जेलच्या पाकिटासोबत डब्यात टाका, मध्ये ओल राहिली की बुरशी लेन्सलाच धरते.