माती वाहून चाललीय, कुणाकडे जाऊ?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पाणलोटाचं, म्हणजे शिवारातली माती आणि पाणी अडवायचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘आमच्या रानातली माती दर पावसाळ्यात वाहून जाते, कुणाकडे जायचं सांगा की.’ लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, बाजारात, कुठंही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी जेसीबीवाल्याकडे जाऊ नका. तो तासाचे पैसे घेतो, संध्याकाळपर्यंत बांध घालून देतो आणि बांध दिसतोही छान, सरळ. पण उतारावर असा आखलेला बांध फुटायचाच. पाणी खोलगट जागी गोळा होतं, तिथून माथ्यावरून पलीकडे जातं आणि खाली घळ पाडून ठेवतं. बांध समपातळीत, वळणं घेत जायला हवा आणि जादा पाण्याला दगडी सांडवा हवा.

तुम्हाला हवा आहे तो पातळी काढणारा माणूस. त्याची हत्यारं साधी असतात: सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. एक जण खुंटीपाशी उभा राहतो, दुसरा उतारावर वर-खाली सरकतो. दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर आलं की तिथं फक्की टाकायची. नळीत बुडबुडा राहिला तर सगळा हिशोब चुकतो. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी नळीला टिचक्या मारत बसलेला माणूस दिसला, तर तो कामाचा समजा.

सुरुवात होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रातून, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीतून करा. पाणलोटाची योजना तुमच्या गावाला लागू आहे का, ते तिथं कळेल. 2008च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून साधारण 1,000 ते 5,000 हेक्टरचा पाणलोट एकत्र घेतला जातो, एकट्यादुकट्या शेतासाठी ती योजना नव्हे. कागद कन्नडमध्ये असतात. त्याला घाबरून घरी बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. शाळेत कन्नड शिकणारी पोरगी घरात असेल तर तिला बरोबर न्या, काम होतं.

मातीचा कस तपासायला बैलहोंगलकडचं मत्तिकोप्पचं किंवा गोकाक भागातलं तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र. नमुना मात्र नीट न्या. रानात नागमोडी फिरत ठिकठिकाणची 15 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्यायची, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याकडची नको. सगळी कालवून अर्धा किलो ठेवायची.

रान जंगलाला लागून असेल तर गोष्ट वेगळी. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं. त्या बाजूला चर खोदायच्या आधी वनखात्याला विचारा आणि ताबा वनजमिनीवर असेल तर 2006च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेत जा.

संस्थांचं काय? मीही त्यातलाच, म्हणून सांगतो: फ्लेक्स पाहून भुलू नका. ‘तीन पावसाळे खाल्लेला तुमचा एखादा बांध दाखवा,’ एवढंच म्हणा. जो लगेच गाडीत बसवून नेईल त्याच्याशी पुढचं बोला. बांधावर वाळा किंवा गवत धरलेलं असेल आणि सांडव्याचे दगड जागेवर असतील, तर माणसं खरी.

राहिला वरच्या शेताचा मालक, आणि त्याच्याकडे कुणी जातच नाही! पाणी त्याच्याकडून येतं, तुमच्याकडून खालच्याकडे जातं. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळ नवीलतीर्थच्या धरणात अडते, तिच्या खोऱ्यातल्या आपल्या रानांची माती तिथवर पोचते. वरच्यानं पाणी तसंच सोडलं तर तुमचा बांध कितीही चांगला असला तरी किती टिकणार? बांधावरून भांडण असेल तर गावातल्या एखाद्या जाणत्या मामांना मध्ये घाला, पण बोला. पंचायतीत अर्ज द्यायचा तर दोघांचे उतारे एकत्र जोडा. माझा अनुभव असा, की दोन सर्व्हे नंबरांचा एक अर्ज घेऊन दोन शेजारी समोर उभे राहिले की पीडीओसुद्धा (पंचायत विकास अधिकारी) खुर्ची देतो.