मॅमोग्राफीची गाडी येते नि जाते

नवरात्र आलं की आमच्या भांडुपमध्ये महिलांसाठी मोफत कॅन्सर तपासणीचे फ्लेक्स लागतात, फ्लेक्सवर भाऊ-दादांचे चेहरे एवढे मोठे की शिबिराची वेळ शोधावी लागते. मॅमोग्राफीची, म्हणजे मशीनने स्तनाचा एक्स-रे काढणारी गाडी येते, बायका बिचाऱ्या रांग लावतात, गाडी जाते, नि रिपोर्टमध्ये काही निघालं तर पुढे कुठे जायचं ते सांगायला कोणी थांबत नाही.

आणि गंमत म्हणजे मशीनशिवाय काय करता येतं हे आपल्याच मुंबईत करून बघितलंय. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या स्तनांची दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी, ती पण डॉक्टरनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या दहावी पास बायकांनी! २०२१ मध्ये निकाल छापून आला, गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू उरलेल्या निम्म्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर मी पण फ्लेक्सवालीच.

सरकारनेही २०१६ मध्ये तिशीपुढच्या बायकांसाठी हीच हाताची तपासणी ठरवली, दर पाच वर्षांनी, सोबत तोंडाची आणि गर्भाशयमुखाची. कागदावर छान आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्तनाची तपासणी कधीतरी झालीय असं सांगणाऱ्या बायका देशात १ टक्काही नाहीत.

तपासणी म्हणजे तरी काय, आडवं झोपायचं, हात डोक्याखाली, ती बाई तीन बोटं सपाट ठेवून गोल गोल दाबत काखेपर्यंत जाते, मग उठवून बसवते आणि कातडी कुठे आत ओढलीय का, बोंडातून काही येतंय का बघते. झालं.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं चला दवाखान्यात, तर म्हणतात, "दुखत नाही गं, कशाला उगाच?" अहो काकू, ती गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तीच तर पंचाईत आहे! पण त्यांचंही बरोबर आहे, त्या चार घरची कामं करतात आणि दवाखाना नेमका सकाळी, म्हणजे खाडा आला, पैसे कापले. संध्याकाळी सातनंतर चाळीतल्या एखाद्या खोलीत पडदा लावून एक शिकलेली ताई बसवली तर काकू येतील, मी विचारलंय त्यांना.