लोअर परळला, टाकीशेजारी बसून बिअर

लोअर परळ स्टेशनवरून सेनापती बापट मार्गाने निघालं की मथुरादास मिल कंपाउंड चालत गाठता येतं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारांत ऑफिसं, हॉटेलं आली. पुण्यात २००९ मध्ये डुलाली या कंपनीने मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच थोड्या प्रमाणात बिअर बनवून तिथेच देणाऱ्या ठिकाणाची, सुरुवात केली. मुंबईत ती हवा आली ती याच गिरणीच्या आवारात, बार्किंग डिअर या ब्रुअरीच्या रूपाने. धाकट्या भावाला घेऊन मी गेले ते जवळच्याच एका छोट्या ब्रुअरीत. काचेमागे स्टीलच्या टाक्या, समोर टेबलं.

सगळे प्रकार थोडे थोडे चाखायचे होते, म्हणून छोट्या ग्लासांचा टेस्टर मागवला. सुरुवात हलक्यापासून करायची. आधी कडवट प्यायलात तर नंतरची गव्हाची बिअर पाणचट लागते.

गव्हाची जर्मन पद्धतीची हेफेवायझेन गढूळ होती, कारण ती गाळत नाहीत. वर जाड पांढरा फेस. भावाने वास घेतला आणि म्हणाला, "ताई, यात केळं घातलंय का गं?" टाक्या सांभाळणारा मुलगा तिथेच होता. "नाही दादा, केळं नाही, लवंगही नाही. सगळं यीस्टचं काम." पिकल्या केळ्यात जे आयसोअमाइल ॲसिटेट असतं, तेच हे यीस्ट आंबवताना तयार करतं. टाकी थोडी उबदार ठेवली की केळ्याचा वास वाढतो. हे कळल्यावर मी तो ग्लास पुन्हा अगदी सावकाश प्यायले. सोबत रवा लावून तळलेले बोंबील होते, आणि ही जोडी मला फारच आवडली.

बेल्जियन विट या गव्हाच्याच बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते. छान होती, पण लक्षात राहिली नाही. कोकम घातलेली मात्र राहिली. आंब्याच्या बिअरी मला गोडसर लागतात. कोकमाचा आंबटपणा तळलेल्या मासळीचा तेलकटपणा कापतो. आपल्या किनाऱ्यावरच्या ब्रुअरीने हेच करावं.

आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट बिअरचा, ग्लास नाकाशी नेला आणि इथवर येण्याचं कारण पटलं. कडवटपणा येतो तो हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालायची एका वेलीची फुलं, उकळल्यामुळे, पण संत्र्यासारखा, पाइनसारखा वास येतो तो शेवटी घातलेल्या हॉप्सचा. हा वास फार नाजूक. मुंबईच्या उकाड्यात दुकानात पडून राहिलेल्या बाटलीतून तोच आधी उडतो. टाकीतून थेट ग्लासात आलेल्या आयपीएला तो भरभरून होता.

स्टाउट ही काळी बिअर शेवटी. त्यात कॉफी नव्हती, काळसर भाजलेल्या जवाचीच ती चव. गार गार पिऊ नका, ग्लास थोडा वेळ टेबलावर राहू द्या, मग ती उलगडते.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं. गाडी घरी ठेवा, लोकलने जा. आणि ऑर्डर देण्याआधी विचारा, सगळ्यात ताजी टाकी कुठली. पहिला ग्लास तिचाच घ्या.